नाकी नऊ

कॉर्कच्या झाडाची साल नऊ वर्षांनी एकदा निघते.
त्याआधी कुऱ्हाड लावली तर झाड रुसतं,
असं कुस्तोदियू म्हणायचा, आणि कुऱ्हाड त्याचीच होती.
सोललेल्या तांबूस खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा:
साल गेली तिथे साल लिहायचं.

मी तेव्हा रानात नव्हते. मी कारखान्यात नाक होते.
हजेरीपटावर तसंच लिहिलेलं: फेलिझ्मिना, नाक.
रात्रभर पाण्यात बुडवलेली बुचं, काचेच्या बरण्या,
सकाळी सहाला एकेकीचं झाकण काढायचं, हुंगायचं,
ठीक म्हणायचं किंवा नाही.
नाही म्हणजे तळघर. भिजलेलं वर्तमानपत्र.
नाही म्हणजे कुणाच्यातरी लग्नात
वीस वर्षं जपलेली बाटली उघडताच
पाहुणे एकमेकांकडे बघणार.

आम्ही चौघी. कांदा खायचा नाही, अत्तर लावायचं नाही,
सर्दी झाली तर सुट्टी, तीही भरपगारी.
अलेंतेजूत एवढी वर नाकं फक्त आमची आणि पाद्र्याची.

मग एका फेब्रुवारीत मला ताप आला.
गेला, आणि जाताना वास घेऊन गेला.
कॉफीचं गरम पाणी झालं, नवऱ्याच्या सदऱ्याचं नुसतं कापड.
मी कुणाला सांगितलं नाही.
शेजारी झुल्मिरा बसायची. खराब बरणीवर
तिची डावी भुवई गव्हाच्या दाण्याएवढी उचलायची.
त्या भुवईवर मी अकरा वर्षं पगार घेतला.

त्याच अकरा वर्षांत गिऱ्हाईकं जात होती,
कुणी प्लास्टिकच्या बुचांकडे, कुणी पत्र्याच्या फिरकीकडे.
सेन्योर अबीलियू शेजारच्या कारखानदाराकडे बघायचे,
तो त्याच्या शेजाऱ्याकडे,
आणि संघाच्या जेवणावळीत सगळ्या भुवया जागच्या जागी.
ठीक. सगळं ठीक.

मग त्यांची धाकटी आली, इरिया. जर्मनीहून,
बापाचं घर गहाण टाकून कपाटाएवढं यंत्र घेऊन.
"ह्याला अजून काही कळत नाही," म्हणाली, "तुम्ही शिकवा."
आणि आमच्या मधोमध पुठ्ठ्याचे आडोसे उभे केले.
खोक्याचा पुठ्ठा, चिकटपट्टी लावलेला.
यंत्राला मी घाबरले नव्हते.

चाळीस बरण्या. समोर पुठ्ठा.
ठीक, ठीक, नाही, ठीक, अंदाजपंचे.
तिसऱ्या दिवशी माझ्या नाकी नऊ आले,
एवढ्या वर्षांत नाकाशी आलेलं पहिलंच काही.

संध्याकाळी तिने बोलावलं. टेबलावर चार रकाने,
माझा छापा-काट्यासारखा.
"कधीपासून?"
मी बोटं मोजली. दोन हातांत मावलं नाही.
तिने कागद पालथा घातला.
"बाबांचंही," ती म्हणाली, "साधारण तेव्हापासूनच,"
आणि अंगणातल्या सालींच्या ढिगाकडे बघत राहिली,
इतका वेळ, की दिवा मीच लावला.

यंत्र बसलं. झुल्मिरा त्याच्याशी रोज भांडते.
दहात आठदा ते बरोबर, दोनदा झुल्मिरा,
आणि त्या दोनदांपायी इरिया रात्र रात्र जागते.
दोन गिऱ्हाईकं परतली. मोठं होतं ते नाही परतलं.
चौघींतली एक राजीनामा फेकून गेली;
तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी आता रानात असते,
कुस्तोदियूच्या मागे रंगाचा डबा घेऊन.
काल शेवटच्या खोडावर आकडा काढला. हा पुन्हा सोलायला येईल
तेव्हा मी एकोणऐंशी, असले तर.
खोड ओलं होतं, अजून झिरपणारं. सवयीने वाकले, नाक टेकवलं.
डबा धरायला तोमे होता, कुस्तोदियूचा नातू.
"कसा वास येतो रे?" मी विचारलं.
त्याने हुंगलं. डोळे मिटून पुन्हा हुंगलं.
"आमच्या गाढवीच्या पाठीसारखा. धुतल्यावर."
"आणखी?" मी म्हटलं.